बैलांचा वशिला

महनूर एका जागी बसत नाही, ही तक्रार नांदुऱ्यात जुनी आहे. ती पहिल्यांदा तिच्या आईने, जहांआराबींनी, पोरगी रांगायला लागली तेव्हा केली आणि आजवर मागे घेतलेली नाही. तसं पाहिलं तर घरात बसण्याची परंपरा चांगली आहे. वडील गुलजारभाई यांचं स्टेशन रोडला गादीघर आहे. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, आणि टाके घालताना मांडी मोडायची नाही, असा तो धंदा. गिऱ्हाईक तर झोपेचाच विचार डोक्यात घेऊन येतं. अशा दुकानात वाढलेली मुलगी उभ्याने जेवते, उभ्याने पेपर वाचते आणि फोनवर बोलता बोलता रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत येते.

"बैठ तो सही एक मिनिट," आई म्हणते.

"बैठके क्या होगा, अम्मी?" ती विचारते, आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडलेली असते.

पोटापाण्याचा उद्योग मात्र तिने बसण्याचा निवडला. ती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. शेगावला शिकून आल्यावर तिने दुकानात एक सोय करून घेतली. भरलेल्या गाद्यांची थप्पी छातीपर्यंत आली की तिच्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि उभ्याने काम करायचं. एखादी गादी विकली गेली की टेबल खाली जातं, नवी भरली की वर येतं. गुलजारभाईंनी याला कधी हरकत घेतली नाही. गिऱ्हाईक आलं की ते फक्त म्हणतात, "बेटा, तुझं ऑफिस उचल."

तिची अस्वस्थता पायांत असते तशी डोक्यातही असते. चालतंय पण नीट दिसत नाही अशी कोणतीही गोष्ट तिला बघवत नाही. दुकानाची पाटी तिने उतरवून दोनदा रंगवली. शेजारच्या इस्त्रीवाल्याचा वाकडा खांब तिने स्वतः सरळ केला, तेव्हापासून त्याचं छप्पर गळतं.

वडनेर भोलजीच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. रस्त्याला लागून यार्ड, आत मोठा वजनकाटा. सभासदांचा कापूस इथे मोजायचा आणि एकगठ्ठा जिनिंग मिलला द्यायचा, एवढंच काम. अध्यक्ष रंगराव. हा माणूस बोलतो कमी आणि ऐकतो त्याहून कमी, त्यामुळे अध्यक्षपद त्याच्याकडे टिकून आहे. हंगामात गाड्यांची गर्दी होते म्हणून रांग कॉम्प्युटरवर घातलेली. गेटावर नाव नोंदवलं की नंबर मिळतो, मग बोर्डावर ज्याचा नंबर झळकेल त्याने काट्यावर जायचं. हा प्रोग्रॅम नांदुऱ्याच्याच प्रज्वलने लिहिला होता. पुढे प्रज्वल पुण्याला गेला आणि प्रोग्रॅम महनूरकडे आला, भाडेकरू गेल्यावर घरमालकाकडे जुनं कपाट यावं तसा.

आता थोडं तांत्रिक, पण थोडंच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची भाषा वेगळी असते आणि माहिती जिथे साठवतात त्या डेटाबेसची वेगळी. दोघांच्या मध्ये एक तयार लायब्ररी बसवतात, दुभाष्यासारखी. अमक्या गावचे सभासद दाखव, तमक्याचा फोन बदल, असली साधी कामं हा दुभाषी करतो. प्रज्वलने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा हा दुभाषी अजून कोवळा होता. प्रश्न जरा वाकडा आला की गप्प बसायचा, आणि मग डेटाबेसच्या भाषेतली लांबलचक क्वेरी हाताने लिहून द्यावी लागायची. रांग लावणारी क्वेरी अशीच होती. पानभर, कंसात कंस, आणि कुठेही एका ओळीचा खुलासा नाही.

मधल्या काळात दुभाषी शिकून मोठा झाला. नव्या आवृत्तीत गट पाडणं, गटातला शेवटचा शोधणं, एखाद्या अटीनुसार क्रम लावणं, हे सगळं त्याच्या पोटातच आलं. म्हणजे प्रज्वलची पानभर क्वेरी आता चार ओळींत बसणार. हे वाचल्यापासून महनूरला दुकानात जागा पुरेना. ती फाटकापर्यंत दोनदा जाऊन आली.

साल सतराचं. त्या वर्षी बोंडअळी आली. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही अशा अर्थाचं ठसठशीत चित्र होतं. अळीने ते पाहिलं नसावं. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी किडा आणि पिवळा पडलेला कापूस. पहिल्या वेचणीचं त्यातल्या त्यात बरं निघालं, पुढच्या वेचण्यांची कवडी झाली. त्यामुळे जे बरं आहे ते आजच्या आज काट्यावर घालायची सगळ्यांना घाई. यार्डाच्या गेटाबाहेर खासगी व्यापाऱ्यांची माणसं मोटरसायकली लावून उभी राहत. आतली रांग हलली नाही की बाहेरचा माणूस हळूच म्हणायचा, "चला आमच्याकडं, उभं काऊन राहता?" भाव कमी, पण रांग नाही.

महनूरचं स्वतःचं एक घोडं अडलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. पगार बरा, पण दिवसभर एका खुर्चीत. तिने चौकशी करून पाहिली, खुर्ची फिरती होती, एवढाच दिलासा. दुसरीकडे मोताळ्याला अशीच एक शेतकरी कंपनी निघाली होती. तिचे माणिकराव सोमवारी वडनेरला येऊन रांग बघणार होते. पसंत पडली तर मोताळ्याचं काम महनूरला, आणि मोताळा बघून पुढच्या दोन-तीन कंपन्यांचंही. मग पुण्याला नाही म्हणता येणार होतं. नाही पसंत पडली तर खुर्ची. सगळं सोमवारवर होतं.

म्हणून तिने त्याआधी लायब्ररी बदलली. शहाण्या माणसाने सोमवार होऊ दिला असता.

नवी चार ओळींची क्वेरी लिहून तिने गेल्या हंगामाची माहिती तिच्यात घातली. जुनी रांग आणि नवी रांग शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. बहुतेक ठिकाणी जुळलं, काही ठिकाणी नाही. जिथे जुळलं नाही तिथे एक गंमत होती. उशिरा आलेली काही वाहनं जुन्या रांगेत भराभर पुढे गेलेली. सगळ्यांचा प्रकार एकच, "इतर". वजनकाट्याच्या कंपनीने वाहनांचे चार प्रकार दिले होते: ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप आणि इतर. प्रज्वलच्या क्वेरीत कंसांच्या गर्दीत एक ओळ लपलेली होती. वाहन "इतर" असेल तर त्याला पुढे घे.

महनूरने लॅपटॉप मिटला आणि फाटकाकडे निघाली. आता ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही, पिकअप नाही, असं कोण उशिरा येऊन पुढे घुसतं? जीपवाले. अध्यक्षांचा भाचा, अध्यक्षांच्या भाच्याचा साला. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं ते तिच्या, याचं तिला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. रंगरावांना विचारायचा प्रश्नच नव्हता, संशय त्यांच्यावरच होता. प्रज्वलला विचारलं तर तो रंगरावांना सांगणार. तिने ती ओळ नव्या क्वेरीत घेतली नाही. आधी आला तो आधी. रंगरावांना फोन करून एवढंच सांगितलं, "काका, नवीन टाकलं. आता एकदम साफ आहे."

"हाव," रंगराव म्हणाले. त्यांना कपाट पुसलं असं वाटलं.

सांगायची एक गोष्ट राहिली. सबंध नांदुऱ्यात न टिकणारी ही मुलगी भर हंगामात वडनेरच्या यार्डात कधी उभी राहिली नव्हती. काम गादीवरून होत होतं.

सोमवारी ती सकाळीच पोहोचली. माणिकराव येऊन बसले होते. मोठा जाडजूड माणूस, हातात चहा, नजर बोर्डावर. काट्याच्या खोलीत सिंधूताई माइक घेऊन होत्या, बोर्डावर आलेला नंबर पुकारणं हे त्यांचं काम. पहिले काही नंबर पटापट लागले. माणिकराव म्हणाले, "फास्ट आहे हो." महनूर खोलीच्या दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

मग सात नंबर लागला आणि काट्यावर कोणी आलं नाही.

"सात नंबर," सिंधूताई माइकवर म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या. यार्डात ट्रॅक्टरांची रांग तशीच. महनूरने बोर्ड पाहिला, वायर पाहिली, नेट पाहिलं, मोबाइलवर रांग उघडून पाहिली. सात म्हणजे सातच. ती बाहेर आली. सात नंबरचा ट्रॅक्टर समोरच होता. त्यावर कडूबा नावाचे म्हातारे शेतकरी निवांत बसले होते. मागच्या ट्रॉलीत त्यांच्या आळीतल्या तीन-चार घरांचा कापूस.

"काका, सात नंबर तुमचाच ना?"

"हाव."

"लागला की."

"दिसून राह्यलं मले."

"मग घ्या ना काट्यावर."

"घेतो. होऊ दे त्यायचं."

"कोणाचं?"

कडूबांनी हनुवटीने लिंबाकडे दाखवलं. लिंबाखाली मघाशी नव्हत्या अशा पाच-सहा बैलगाड्या उभ्या होत्या. बैल जुंपलेलेच. महनूर तिकडे गेली. पहिल्या गाडीवर कापसाच्या ढिगाला टेकून तानाबाई नावाची शेतकरीण बसली होती, हातात कासरा.

"मावशी, तुमचा नंबर काय?"

"एकोणीस."

"तुम्ही जाता का पुढं?"

"आमचा लागला का?"

"नाई. सात चालू आहे."

"मंग? बोर्डाच्या पुढं कशी जाऊ बाप्पा? लोकं म्हणतीन बाई घुसली."

महनूर परत ट्रॅक्टरकडे आली. "काका, ते नंबर नाही म्हणतात. तुम्हीच चला."

"बैल उभे असताना?" कडूबांनी विचारलं. चिडून नाही. ऐकण्यात काही चूक झाली असावी अशा सुरात.

"मग आठ नंबर?"

"विचार त्याले."

आठ नंबरवाल्याने मान हलवली. नऊने तंबाखू मळायला घेतली. दहा नंबर उतरून लघवीला गेला होता आणि परतायची लक्षणं नव्हती. रांगेत भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता. ज्यांचा नंबर होता ते जात नव्हते, ज्यांना ते जाऊ देत होते त्यांचा नंबर नव्हता. काटा मोकळा होता. बोर्डावर सात नंबर लाल अक्षरांत लुकलुकत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

ऊन चढलं. एका गाडीचा बैल पाय आपटू लागला. गेटाबाहेरचा मोटरसायकलवाला आत डोकावून गेला. मागे एक तरणा ट्रॅक्टरवाला होता, तो मोठ्याने म्हणाला, "या साली कायचे बैल न् कायचं काय. अळीनं खाल्लं, उरलेलं उभ्या उभ्या वाया चाललं. मी लावतो काट्यावर."

"लाव ना मंग," कडूबा म्हणाले. "कोणं धरलं तुले?"

त्याने ट्रॅक्टर चालू केला. सगळे बघत होते, पण मुद्दाम बघत नाही असं दाखवून. त्याने काट्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं, शिवी हासडली आणि ट्रॅक्टर वळवून सरळ गेटाबाहेर घातला. पडत्या भावात व्यापाऱ्याला कापूस द्यायला तो तयार झाला, गाड्यांच्या पुढे जायला नाही. त्याच्या मागून आणखी एक ट्रॅक्टर निघाला.

माणिकरावांनी कप खाली ठेवला. "असं रोज होते काय?" त्यांनी शेजारी बसलेल्या रंगरावांना विचारलं.

रंगराव उठले, बाहेर आले, बोर्ड पाहिला, लिंब पाहिला. "महनूर बेटा," ते म्हणाले, "तू काय केलं, एका वाक्यात सांग."

"काका, म्या वशिला काढला."

"कोणाचा?"

तिने लिंबाकडे पाहिलं. लिंबाखाली जे उभं होतं ते ट्रक नव्हतं, ट्रॅक्टर नव्हतं, पिकअपही नव्हतं.

"बैलाईचा," ती म्हणाली.

रंगरावांनी विचारलं, "तुले काय वाटलं व्हतं?"

"तुमच्या भाच्याचा."

"माहा भाचा सुरतले असते."

वशिला होता, हे तिचं खरंच होतं. गाडीभर कापूस म्हणजे ट्रॉलीच्या मानाने मूठभर, मोजायला वेळ लागत नाही. बैलांना पाणी दाखवायचं असतं, दिवस मावळायच्या आत शिवार गाठायचं असतं, आणि ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला तर त्याला तहान लागत नाही. म्हणून गाड्या आधी. हे वडनेरमध्ये कोणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी मोडूही शकत नव्हतं.

ती काट्याच्या खोलीत गेली. खिडकीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवला. बोटं चालू असतानाच तिने खांद्याने फोन कानाला धरला.

"प्रज्वल, 'इतर' म्हंजे बैलगाडी, हे लिहून काऊन नाही ठेवलं?"

"ते कायले लिहू?" पुण्याहून प्रज्वल म्हणाला. "बैल दिसत नाहीत का तुले?"

"क्वेरीत कसे दिसतीन बे?"

"मले वाटलं तुले माहीत असंल. सगळ्याईले माहीत आहे."

"मले नव्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. गादीघरात कापूस गाठोड्यातून येतो. तो त्याआधी कशावरून आला, हे गाठोडं सांगत नाही.

जुनी क्वेरी परत आणायची गरज पडली नाही. अटीनुसार क्रम लावायची सोय नव्या लायब्ररीत आतच होती, तिच्या कौतुकाने तर ती दोनदा फाटकापर्यंत गेली होती. प्रज्वलने कंसांत कोंबलेली गोष्ट एका ओळीत बसली. प्रकारांच्या यादीत "इतर" खोडून तिने "बैलगाडी" लिहिलं, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही. बोर्ड क्षणभर काळा झाला आणि एकोणीस नंबर लागला.

तानाबाईने कासरा ओढला. गाडी काट्यावर चढली. कडूबांनी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या बिडी पेटवली, जणू मधे काही झालंच नव्हतं. गाड्या संपल्या, सात नंबर लागला, ते गेले.

दुपारी गेटावर एक ऑटो आला. शाकिर नावाचा ऑटोवाला, मागच्या सीटवर सासऱ्याच्या शेतातल्या कापसाची तीन बोचकी. गेटावरच्या माणसाने प्रकार शोधला. ऑटो ट्रकमध्ये बसेना, ट्रॅक्टरमध्ये बसेना. नेहमीसारखं त्याने शेवटचं बटण दाबलं. लगेच बोर्डावर शाकिरचा नंबर सगळ्यांच्या पुढे झळकला आणि त्याखाली नवीन अक्षरं: बैलगाडी.

"मले काऊन पयले?" शाकिर ऑटोतून डोकं काढून म्हणाला.

"चाल बे बैला," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "पाणी पाजलं का तुले?"

"याची जोडी कुठं गेली?"

"सासऱ्याकडं बांधली असंल."

यार्ड पहिल्यांदा हसलं. माणिकरावही हसले, खुर्ची करकरेपर्यंत. फक्त महनूर हसली नाही. ती खिडकीत उभी राहून यादीत पाचवा प्रकार घालत होती.

संध्याकाळी माणिकराव निघाले. जीपपर्यंत ती त्यांच्यासोबत चालली, म्हणजे ते चालले आणि ती त्यांच्या पुढे-मागे झाली. दोन ट्रॅक्टर बाहेर गेले होते, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आमच्याकडं सोपं आहे," माणिकराव म्हणाले. "बैलगाड्या येतच नाहीत. सगळे पिकअप."

"मग आधी आला तो आधी?"

"हाव, तसंच." ते जीपमध्ये बसले. "फक्त..."

"फक्त काय?"

माणिकरावांनी मनापासून विचार केला. "काही नाही. आधी आला तो आधी."

"काका, फक्त म्हणालात तुम्ही."

"म्हणलो खरं," ते म्हणाले. "आता ते सांगता नाही येत. करा तुम्ही काम चालू."

त्यांनी काम तिला का दिलं हे कळायला मार्ग नाही. मोताळ्याला यायला दुसरं कोणी तयार नसावं. पुण्याला तिने गुरुवारीच फोन केला. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, घाई करू नका, शांत बसून विचार करा. त्यानंतर फार बोलायचं उरलं नाही.

जहांआराबींना वाटलं, मुलगी आता घरात थांबेल. शनिवारी सकाळी महनूर मोताळ्याच्या एसटीत होती. दाराजवळ उभी. मागे तीन सीट रिकाम्या होत्या. लॅपटॉप तिने दुकानात थप्पीवर ठेवला होता, आणि गुलजारभाईंनी त्याच्यावर आणखी एक गादी घातली होती.

मोताळ्याच्या यार्डात ती गेटाला टेकून उभी राहिली. खरंच, सगळे पिकअप. आले तसे उभे राहत होते, रांग लागत होती, पुढे सरकत होती. तासभर काही घडलं नाही. तिने पायांची जागा बदलली. मग एक पांढरा पिकअप आत आला, शेवटी लागला, आणि त्याच्या पुढचा ड्रायव्हर गाडी मागे-पुढे करून बाजूला झाला. त्याच्या पुढचाही झाला. पांढरा पिकअप कोणाकडे न बघता त्या मोकळ्या जागेतून थेट काट्यावर गेला.

ती धावत पहिल्या ड्रायव्हरकडे गेली. "दादा, त्याले पुढं काऊन जाऊ दिलं?"

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. मग काट्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"काऊन म्हंजे?" तो म्हणाला.

ती पुढच्याला विचारायला गेली.